अजून एक पाणी

बाईंच्या घरी पाहुणा गेला की त्याला गॅसच्या बाटल्यावर बसावं लागायचं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला तो उभा. अंगावर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल, डोक्यावर जुन्या लुगड्याची जाड घडी. घरात खुर्ची एकच आणि तिच्यावर बाई स्वतः बसलेल्या, म्हणजे दुसरी सोयच नव्हती. "बसा, लाजू नका," बाई म्हणायच्या, "हा माझा भाडेकरू. भाडं देत नाही, पण कटकटही करत नाही." पाहुणा जीव मुठीत धरून टेकायचा. मग बाई विचारायच्या, "बैठकीला दहापैकी किती?"

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. जामसर, दाभोसा, खोडाळा अशा गावांतून उभी नोकरी झाली आणि शेवटी जव्हारला आमच्याच ओळीतल्या टोकाच्या खोलीत येऊन राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर म्हणायच्या, "स्थळं आली होती. एकही पास झालं नाही."

मार्क द्यायची खोड त्यांची जन्माची. एसटीला चार, आजच्या उन्हाला नऊ, समोरच्या घरातल्या नवराबायकोच्या भांडणाला साडेसहा, "सुरुवात चांगली होती, पण शेवटी दमले." कोणाला राग यायचा नाही, कारण निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं आणि उरलेलं निम्मं त्यांना घाबरून होतं. माझ्या चहाला त्यांनी पहिल्याच दिवशी चार दिले. "पत्ती चांगली, दूध चांगलं. घाई फार."

गुडघे दुखतात म्हणून उतार आला की त्या उलट्या वळायच्या आणि पाठमोऱ्या उतरायच्या. जव्हारला उतार कुठं नाही? बाजाराकडून हातात छत्री धरून बाई पाठमोऱ्या उतरतायत आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाशी समोरासमोर गप्पा मारतायत, हे रोजचं दृश्य होतं. रिक्षावाले हॉर्न न वाजवता बाजूनं जायचे. लोक कौतुकानं हसायचे. मी हसायची नाही. मला बाई आवडत नव्हत्या. हे आज गुपित उघड करते असं नाही, तेव्हाही ते माझ्या तोंडावर सगळ्यांना वाचता येत होतं.

याचं कारण माझी आई.

माझे वडील भाद्रपदात गेले. आमचं गाव खोडाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. घरात आई एकटी राहिली. माझा भाऊ नाशिकला, त्याचं मोठं घर, लिफ्ट, सगळं. मी जव्हारच्या कचेरीत कारकून, एकटी, दोन खोल्यांची भाडेकरीण. आई कोणाकडे जाणार यावर आम्हा भावंडांत गोड शब्दांत बरीच ओढाताण झाली. शेवटी आई म्हणाली, "होळीतवर जव्हारला राहते. मंग बघू." मी जिंकले असं मला वाटलं. होळीपर्यंत तिला इतकी सवय लावीन की पुन्हा नाशिकचं नाव काढणार नाही, असं मी मनात पक्कं केलं होतं.

पण आई आली आणि नुसती बसून राहिली. गावी तिची चूल होती, नागलीचं शेत होतं, घरामागे ओहोळ होता. इथं अंगणात चूल पेटवायला घरमालकाची बंदी, भिंतींना नवा रंग दिलेला. आणि गॅसला ती भ्यायची. मी तिला लायटर कसा धरायचा ते रविवारमागून रविवार दाखवलं. ती दाराआड उभी राहून बघायची आणि मान हलवायची. "ह्याचा जाळ दिसायच्या आधीच तो सुटतो. मला नाय पटत." मग मी सकाळी लवकर उठून स्वयंपाक करून ठेवायची आणि ती दुपारी गार जेवायची. संध्याकाळी मी आले की विचारायची, "आई, जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले." तेवढंच आमचं बोलणं.

मग तिला बाई भेटल्या.

कशा भेटल्या मला माहीत नाही, कारण मी कचेरीत होते. सगळ्या चांगल्या गोष्टी मी कचेरीत असतानाच झाल्या. एकदा संध्याकाळी घरी आले तर आई आपणहून बोलायला लागली, आणि वाक्याची सुरुवात होती, "बाई म्हनते…" त्यानंतर प्रत्येक वाक्य तसंच सुरू व्हायला लागलं. बाई म्हनते आवंदा थंडी जास्त पडंल. बाई म्हनते तुझ्या अंगात रक्त कमी हाय. बाई आईला "माझी शेवटची विद्यार्थिनी" म्हणायच्या. आईनं जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, पण हे ऐकलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. आईचं हसणं मी वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याआधीही फारसं ऐकलं नव्हतं.

एकदा बाई मला बाजारात भेटल्या, पाठमोऱ्या उतरत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या आईचा आवाज काय गं! परवा पेरणीचं गाणं म्हटलं तिनं. मी दहा दिले. आयुष्यात दहा मी फार थोड्यांना दिले." आईला गाता येतं हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिच्या पोटची मुलगी असून ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हो, छान गाते," आणि पुढे गेले. घरी येऊन मेथीची अख्खी जुडी निवडली, पण काय निवडलं आणि काय टाकलं हे मला समजत नव्हतं. जळफळाट म्हणतात तो हाच, याची मला तेव्हा खात्री पटली.

अशातच गॅसचा प्रकार सुरू झाला.

ठाण्याला माझ्या मावसबहिणीकडे नळीनं गॅस येतो आणि त्याचं बिल येतं. बिल जास्त आलं की ती मीटरवाल्याला शिव्या घालते. आमच्याकडे बिल येत नाही, बाटला संपतो, आणि शिव्या कोणाला घालायच्या ते समजत नाही. माझा बाटला एरवी दोन-अडीच महिने आरामात जायचा. आई आली म्हणून थोडा लवकर संपेल हे मी धरलंच होतं. पण दिवाळीनंतर लावलेला बाटला महिना भरायच्या आत भाजी अर्धी कच्ची ठेवून विझला. दुसरा लावला, त्याचंही तेच. शिवाय एक उचलला की दुसऱ्याचा नंबर लगेच लागत नाही, काही दिवस जावे लागतात. ते दिवस आम्ही पाव आणि हॉटेलातल्या उसळीवर काढले. पगारातून आईसाठी उबदार स्वेटर घ्यायचा ठरवला होता, तो राहिला.

बाटला आणणारा माणूस खांद्यावरचा बाटला उतरवत म्हणाला, "काय ताई, हॉटेल काढलं काय?"

"गळतोय कुठंतरी," मी म्हटलं. त्यानं साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही. मी रबरी नळी बदलली, रेग्युलेटर बदलून घेतला, रात्री झोपताना दोनदा उठून वास घेतला. घरात गॅस जाळणारी मी एकटी. सकाळचा स्वयंपाक, संध्याकाळचा चहा आणि भात. आई तर गॅसजवळ फिरकत नव्हती. मग जात होता कुठं?

आणि त्याच वेळी ओळीतल्या सगळ्या बायका बाईंचे गोडवे गात होत्या. बाईंचा बाटला बघा, किती वर्षं झाली, आहे तसाच. काटकसर शिकावी तर बाईंकडून. त्यातली एक तर मला तोंडावर म्हणाली, "दोन बाईमाणसांना इतका गॅस लागतोच कसा?" बाई शांतपणे म्हणायच्या, "माझा भाडेकरू समाधानी आहे." एक दिवस मला तिथं चहाचं आमंत्रण होतं. म्हणजे चहा बाहेरून मागवलेला होता. मला त्या बाटल्यावर बसवलं. न संपणाऱ्या त्या बाटल्यावर मी माझा संपलेला बाटला मनात घेऊन बसले होते, आणि बाई विचारत होत्या, "बैठकीला किती?" मी म्हटलं, "पाच." त्या खूश झाल्या. प्रामाणिक उत्तर त्यांना आवडायचं.

एकच गोष्ट त्या दिवसांत बरी होती. आठवड्यातून एकदोनदा संध्याकाळी आई माझ्यापुढे ताटलीत उकडलेला कडूकंद ठेवायची. "बाईनी दिला," म्हणायची. कडूकंद आमच्या डोंगरातला. नावाप्रमाणे इतका कडू की कच्चा जिभेला लागला तर दिवसभर तोंड वाकडं राहील. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचा. ओहोळ त्याचा कडूपणा वाहून नेतो. मग तो मऊ, पिठूळ, गोडसर होतो. लहानपणानंतर मी तो खाल्लाच नव्हता. बाईंनी दिलेला म्हणून मला तो गोड लागू नये असं वाटायचं, पण लागायचा. दोनदा मी नाइलाजानं बाईंना म्हटलं, "कंद छान होता हं." बाई आईकडे बघायच्या, आई बाईंकडे बघायची, आणि दोघी उगाच गंभीर व्हायच्या.

माघातली गोष्ट. कचेरीतली वीज गेली, दुपारी सोडून दिलं. मी घरी आले तर दारातूनच आईचं हसणं ऐकू आलं. आत गेले. स्वयंपाकघरात दोन्ही बर्नर मोठे लावलेले, दोन्हींवर माझे मोठे टोप, टोपांतून राखाडी फेस. आई शेगडीपुढे उभी होती आणि उलथन्यानं चकत्या हलवत होती. बाई पाटावर बसल्या होत्या, कानटोपी घालून, आणि ताटलीतली चकती चाखून म्हणत होत्या, "पाच. अजून कडू. अजून एक पाणी."

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

आई दचकलीही नाही. "कंद हाय. तिसरं पानी झालं."

"गॅस कोणी लावला?"

"मी."

तेवढ्यात एक बर्नर फेसानं विझला. आईनं चावी बंद केली, क्षणभर थांबली, कमरेला खोचलेली काडेपेटी काढून काडी ओढली, चावी फिरवली आणि निळा जाळ धरला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"तुला भीती वाटते ना गॅसची?"

"वाटायची. बाईनी घालवली."

बाई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी नुसता आवाज ऐकवला. दुसऱ्या दिवशी बंद करायला शिकवलं. पेटवायला सगळ्यात शेवटी. आणि लायटर नाही, काडी. जन्म काडी ओढण्यात गेला, तिच्या हाताला काडी माहीत आहे. गेल्या दिवाळीतच पास झाली."

म्हणजे दिवाळीपासून. मी आठवडेच्या आठवडे शिकवत होते तेव्हा जी दाराआड उभी राहिली, ती बाईंपुढे चार दुपारींत शिकली, आणि मला तिनं सांगितलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांपुढे सगळा हिशेब एकदम उभा राहिला. खोडाळ्याकडच्या बायका बाजाराला कंद आणतात, बाई तो घेतात, चहाच्या टपरीवरून चुलीची राख मागून आणतात, आणि मी कचेरीत गेले की दोघी तो माझ्या गॅसवर चढवतात. जव्हारच्या ओळीत ओहोळ कुठून आणणार? म्हणून ओहोळाचं काम त्या गॅसकडून करून घेत होत्या. पाणी उकळायचं, फेकायचं, पुन्हा उकळायचं, पुन्हा फेकायचं, कडूपणा जाईपर्यंत. अख्खी दुपार. आणि संध्याकाळी मी स्वतःचाच गॅस ताटलीतून खाऊन शेजारणीचे आभार मानत होते.

"कडूकंद कोणी गॅसवर उकडतं का?" मी ओरडलेच. "मी नळ्या बदलतेय, रात्री उठून वास घेतेय! मला सांगायला काय झालं होतं?"

आई म्हणाली, "तू नको म्हनली असतीस."

"म्हटलंच असतं!"

"मंग."

आईवर धावून जाता येत नाही, म्हणून मी बाईंकडे वळले. "एवढी हौस आहे तर तुमच्या भाडेकरूवर उकडा की, बाई. तो नुसता बसून असतो."

बाई पाटावरून उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू उठल्या, आणि म्हणाल्या, "मुद्दा बिनतोड. मुद्द्याला नऊ." मग दारात थांबल्या. "सुराला…" म्हणाल्या, आणि मार्क न देताच गेल्या.

आईनं दोन्ही बर्नर बंद केले. अर्धवट शिजलेला कंद मोरीत ओतला. टोप घासून, पुसून जागच्या जागी ठेवले आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. "तुजा गॅस हाय. नाय लावत मी."

त्या दिवसापासून ती पुन्हा गार जेवायला लागली. मी म्हटलं लाव, तर म्हणायची, नको. बाई आल्या नाहीत. "बाई म्हनते" बंद झालं. मला हवं होतं तेच झालं होतं आणि घरात बसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "नाशिकला फोन लाव." तिला नंबर लावता यायचा नाही. भावाला बोलवायचा फोन तिनं माझ्याकडूनच लावून घेतला, आणि माझ्यासमोर बसून त्याला सांगितलं, "रविवारी ये न्यायला. होळीतवर थांबत नाय. अठं माझं काय काम नाय."

फोनमधून भावाचा आनंद मला स्पष्ट ऐकू आला. रात्री आईनं तिचं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, एक चादर, वडिलांची काठी. मी तिला थांब म्हणायला तीनदा तोंड उघडलं, आणि प्रत्येक वेळी मला ऐकू आलं ते उत्तर एकच होतं, "अठं माझं काय काम नाय." खरंच होतं. मी तिला आराम दिला होता, आणि बाईंनी तिला काम दिलं होतं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात बाई. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गॅसचा बाटला, आणि तो क्रोशाचा रुमाल खांद्यावर. "भाडेकरूला खोली खाली करायला लावली," म्हणाल्या.

मी धावले. वय झालेली बाई, गुडघे असे, आणि ती भरलेला बाटला एका हातानं उचलून आणतेय! दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि मागच्या मागे पडता पडता वाचले. तो हलका होता.

"रिकामा?" मी म्हटलं.

"कधीचाच. इथं राहायला आले तेव्हा एक जाळला. मग पुन्हा भरलाच नाही."

"का?"

बाई नेहमीच्या तोऱ्यात बोलायला गेल्या, पण तो तोरा काही जमला नाही. म्हणाल्या, "एकटीनं भात लावायचा, एकटीनं खायचा. त्याला मार्क कोण देणार?"

त्या काय खायच्या मग? केळी, पाव, कोणी बोलावलं तर त्यांच्याकडे. आणि दिवाळीपासून दुपारी माझ्या आईच्या हातचं. अख्खी ओळ ज्या काटकसरीचे गोडवे गात होती, ती काटकसर नव्हतीच. आम्ही सगळे एका रिकाम्या बाटल्यावर मान राखून बसत होतो.

"हे माझं गॅसचं पुस्तक," बाई म्हणाल्या. "नंबर लावलाय, आज गाडी येते. हा दे आणि भरलेला घे. कंद माझ्या बाटल्यावर उकडू. तुझ्याला कोणी हात लावणार नाही. मग तर येऊ ना?"

खरं तर आता हुकमाचं पान माझ्या हातात होतं. संध्याकाळी ओळीत एक वाक्य बोलले असते तर बाईंचा सगळा बडेजाव उतरला असता. मी बोलले नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. मागं वळून पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि बाईंकडे बघत होती. तिच्या हातात काडेपेटी होती. आईनं माझ्याकडे असं कधी बघितलं असतं, तर मी तिला दहा बाटले आणून दिले असते.

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा सकाळपासून दोन्ही बर्नर चालू होते आणि घरभर राखेचा वास होता. भावानं गाठोडं उचललं. आई म्हणाली, "ठेव ते. कंद चढवलाय. कडू हाय अजून. असा टाकून येता येतंय?"

"मी थांबतो तासभर," भाऊ म्हणाला आणि ताटलीतली एक चकती तोंडात टाकली. "कडू कुठंय गं? गोड झालाय की."

"शहरात राहून तुजी चव गेली," आई म्हणाली. "आजून लय पानी लागतील. तू हो पुढं."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी खांदे उडवले. बाई पाटावरून म्हणाल्या, "वेळेवर आलात, आठ मार्क. पण परीक्षा पुढे ढकललीय." तो चहा पिऊन एकटाच परत गेला. गाडी उताराला लागेपर्यंत मी अंगणात उभी होते आणि मला आनंद आवरत नव्हता. आत आले तर त्या दोघी डोकं डोक्याला लावून हसत होत्या आणि माझा आनंद तिथंच जिरला. आई राहिली होती, पण माझ्यापाशी नव्हती राहिली.

त्यानंतर होळी गेली, पुढची होळीही गेली. नाशिकचं नाव निघालं नाही. रविवारी मी मुद्दाम घरी राहून त्यांच्यात बसायची. पण मी आले की दोघी जरा सरळ बसायच्या, वर्गात मास्तर आल्यावर मुली बसतात तशा. आई माझ्याही ताटलीत कंद द्यायची, आधी बाईंच्या. दोन बाटले घरात, एकावर रुमाल, एकावर नाही, आणि दोन्ही भराभर संपायचे. मी त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. आतल्या आत मात्र दर दुपारी कचेरीतल्या घड्याळाकडे बघून मला वाटायचं, आता दुसरं पाणी चाललं असेल, आता आई गात असेल.

बाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. झोपेत गेल्या, कोणाला त्रास दिला नाही. ओळीतल्या बायका म्हणाल्या, असं मरण यावं. मला एकदम वाटलं, बाई असत्या तर किती दिले असते? आई रडली नाही. तिनं काडेपेटी देवाच्या फळीवर ठेवून दिली आणि पुन्हा खिडकीशी बसायला लागली.

आणि बाटला संपेनाच. दसरा आला, दिवाळी आली, तरी तोच. सकाळी स्वयंपाक करताना मी रोज तो हलवून बघायची. नंबर लावायची गरजच पडली नाही. बाटलेवाला रस्त्यात भेटला तर म्हणाला, "काय ताई, हॉटेल बंद केलं काय?" कधीकाळी याच गोष्टीसाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं.

दिवाळीनंतरच्या बाजारात एक म्हातारी कडूकंद घेऊन बसली होती. मी घेतला. टपरीवरून राख मागून आणली. टपरीवाला म्हणाला, "बाईंच्या गादीवर तुम्ही काय?" रविवारी सकाळी चकत्या केल्या, जाड झाल्या. दोन्ही बर्नरवर टोप चढवले. आईला काही सांगितलं नाही. वास तिच्यापर्यंत गेला तसा तिचा आवाज आला, "राख जास्त झालीय." मग ती स्वतः आली, पाट ओढला आणि बाईंच्या जागेवर बसली.

मी पहिलं पाणी फेकलं, दुसरं फेकलं. आई नुसती बघत होती. मी काडी ओढताना हात भाजून घेतला, तेव्हा म्हणाली, "आधी काडी, मंग चावी. बाई लय वरडायची." मी म्हटलं, "तुझ्यावर ओरडायच्या?" "तर! पहिल्या दिवशी मला शून्य दिला." आणि ती सांगायला लागली. लहानपणी ओहोळात टोपली वाहून गेली ती गोष्ट. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा तिला कंद आणून दिला ती गोष्ट. या सगळ्या गोष्टी बाईंनी आधीच ऐकलेल्या असणार, हे मला बोचत होतं. पण आता ऐकायला मी होते.

दुपार कलली तेव्हा मी ताटलीत एक चकती तिच्यापुढे धरली. "दहापैकी किती?"

आईनं ती तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. माझ्याकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं.

"चार," म्हणाली. "कडू हाय अजून. आजून एक पानी काढ."

माझा चेहरा पडला. इतकी पाणी काढून चार! मी टोपातली एक चकती उचलली आणि दाताखाली धरली.

कंद कधीचाच गोड झाला होता.

मी आईकडे पाहिलं नाही. ते पाणी मोरीत ओतलं, टोप नव्या पाण्यानं काठोकाठ भरला, आणि दोन्ही बर्नर होते तेवढे मोठे केले.